गादीपुरता कापूस

परवा नातवानं मला खुर्चीत बसवून माझी शिकवणी घेतली. "आजोबा, पासवर्डमध्ये जन्मसाल टाकायचं नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवायचा नाही. तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचा नाही. आणि अनोळखी माणूस फार गोड बोलायला लागला की फोन ठेवून द्यायचा." मी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावत होतो, पण कॅलेंडरचं नाव निघालं आणि मला हसू फुटलं.

"हसता काय?"

"अरे, हे सगळं मला एका माणसानं अमरावतीत शिकवून झालंय. तेव्हा तुझ्या बापाचाही पत्ता नव्हता."

"तेव्हा कुठे होते कॉम्प्युटर?"

"आमच्या ऑफिसात दोन होते," मी म्हणालो. "एक ते, आणि दुसरा मी."

आजोबांची गाडी रुळावरून घसरली असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण मी खोटं बोलत नव्हतो. महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे मी अमरावतीच्या एका सरकारी ऑफिसात लागलो. जिल्ह्यात कोणत्या तालुक्यात किती पीक आलं, याचे आकडे तिथं जमा व्हायचे आणि त्यांची बेरीज, गुणाकार, भागाकार करणाऱ्या माणसाच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. नेमणुकीच्या कागदावर तसं छापलेलं होतं. धामणगावला माझ्या बापानं तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "म्हंजे तू करशीन काय?"

"आकडेमोड."

"मंग पटवारी काय करते?"



मोठे कॉम्प्युटर म्हणजे ते. सगळं ऑफिस त्यांना काकाजी म्हणायचं. उंच, हाडकुळे, डोक्यावर काळी टोपी आणि अंगात बाराही महिने एक राखाडी कोट. अमरावतीच्या उन्हाळ्यातही तो कोट उतरत नसे, कारण त्या कोटाच्या खिशांत त्यांचं सगळं दुकान होतं. एका खिशात यंत्राच्या तेलाची बाटली आणि कोंबडीचं पीस, दुसऱ्यात दाढीचा आरसा, तिसऱ्यात काडेपेटी. बिडी ते ओढत नसत. काडेपेटी कशाला, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. संध्याकाळी त्यांनी दिवसभराचे वापरलेले कार्बनचे कागद गोळा केले, ऑफिसामागं नेले, आणि पार राख होईपर्यंत त्यांच्यापाशी उभे राहिले. मी विचारलं, "काकाजी, हे काहून जाळून राहिले तुमी?"

"नवा कार्बन एकदा वापरला ना बे, की त्याच्या पोटात सगयं राहते. त्याले उजेडात धरलं की भडाभडा बोलते तो."

विनय त्यांच्या अंगात औषधालाही नव्हता. नागपूरला गणित घेऊन बी. ए. झालो, हे ते चपराशालाही सांगत आणि पिण्याच्या पाण्याच्या माठालाही. पण यंत्रापुढं मात्र ते विरघळायचे. ऑफिसात हिशेबाचं एक यंत्र होतं, हातानं फिरवायचं. समोर दांड्या सरकवून आकडा मांडायचा, बाजूचा दांडा फिरवायचा. एका फेऱ्याला एकदा बेरीज. सातनं गुणायचं तर सात फेरे, मग वरचा गाडा एक घर सरकवायचा आणि पुढच्या अंकाचे फेरे. भागाकारात एक फेरा जास्त झाला की आत घंटी वाजायची. काकाजी त्या यंत्राला कोंबडीच्या पिसानं तेल लावताना असे काही डोळे बारीक करायचे, की बाळाच्या कानात तेल घालतायत असं वाटावं. यंत्रावरचं पांघरूण काकूंच्या जुन्या लुगड्याचं होतं, काठासकट.

त्यांचा पहिला नियम: काम सुरू करायच्या आधी यंत्र शून्यावर आणायचं. "मागच्याचं उष्टं काढल्याबिगर वाढून घ्याचं नाई." मी तो नियम पहिल्या आठवड्यात तीनदा मोडला. चांदूरच्या ज्वारीत अचलपूरची तूर मिसळली आणि जी काही खिचडी झाली ती साहेबांच्या टेबलापर्यंत पोचली.

दुसरा नियम टिपकागदाचा. सही करून शाई टिपली की टिपकागद टेबलावर ठेवायचा नाही. मला हा नियम म्हातारपणाचा चाळा वाटला. तसं मी बोलूनही दाखवलं. काकाजींनी खिशातून आरसा काढला, माझा टिपकागद त्याच्यासमोर धरला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले: "...माझे आजोबा अचानक वारल्यामुळे दोन दिवसांची रजा..." मग आरसा खाली करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून बे, उन्हाळ्यातबी तुहे आजोबा वारले होते ना? किती आजोबे हायेत तुले?"

त्या महिन्यात रजा मिळाली नाही. आजोबा मात्र पुढं बरीच वर्षं ठणठणीत होते.

तिसरी गोष्ट कुलपाची. आकड्यांच्या कपाटाला किल्लीचं कुलूप होतंच, वर चार चकत्यांचं आकड्यांचं कुलूपही होतं, आणि त्याचा नंबर ठरवायचं काम काकाजींनी माझ्यावर सोपवलं. मी माझ्या सायकलला लावलेल्या नगरपालिकेच्या बिल्ल्याचा नंबर ठेवला. काकाजींनी सकाळी येऊन कुलूप हातात घेतलं, व्हरांड्यात लावलेल्या माझ्या सायकलीकडे पाहिलं आणि पहिल्याच झटक्यात उघडलं.

"हा नंबर राजापेठेतल्या कुत्र्यालेबी माहीत हाय."

मग मी असा काही अवघड नंबर ठेवला की तो कोणाच्या बापाला सुचणार नाही. सोमवारी तो मलाही सुचला नाही. लोहार बोलवावा लागला. त्यानं कानस चालवताना काकाजी शेजारी उभे राहून त्याला विचारत होते, कोणती चकती आधी ढिली पडते, कुठं दाबलं की आवाज बदलतो. मी मान खाली घालून उभा होतो. त्यांना माझ्यावर रागवायलाही सवड नव्हती. नव्या कुलपाचा नंबर मी विसरू नये म्हणून कॅलेंडरच्या मागं भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला. तोही त्यांनी दुपारच्या आत शोधला. "महिना संपला नाई तरी तू कॅलेंडर हालवून राहिला, मंग मले समजनार नाई का?"

असा तो माणूस. चोर कसा विचार करील, याचं त्यांना चोरापेक्षाही जास्त कुतूहल.

त्यांच्या कानाची तर ऑफिसात दंतकथाच झाली होती. मी आत यंत्र फिरवत असलो की ते बाहेर व्हरांड्यात सुपारी कातरत बसायचे आणि माझं काम संपलं की आत येऊन म्हणायचे, "सातशे चौतीसनं गुणलं ना?" मी चाट पडायचो. मग एकदा त्यांनी गुपित सांगितलं. फेऱ्यांचा आवाज मोजायचा, एककाकडून: चार फेरे, गाड्याची खट्ट, तीन फेरे, खट्ट, सात फेरे. आकडा आपोआप कळतो. "म्हंजे खिडकीखाली जो कोनी बसला हाय त्याले आपन आकडा गाऊन सांगून राहिलो बे!"

त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे उलटा फेरा. गुप्त आकड्याचा गुणाकार करताना मधेच एकदोन फेरे जास्त मारायचे आणि तेवढेच उलटे मारून परत घ्यायचे. यंत्राचा हिशेब बरोबर राहतो, खिडकीखालचा चक्रावतो. उपाय नामी होता. फक्त मी जास्तीचे फेरे आठवणीनं मारले आणि उलटे मारायला विसरलो. त्या हिशेबाप्रमाणे मोर्शी तालुक्यात जेवढी जमीन होती तिच्यावर मावणार नाही एवढा कापूस पिकला होता. साहेबांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, "तिथं काय गच्चीवर लावतात का?"

साहेब पुण्याकडचे. सज्जन माणूस, पण आमच्या बोलण्यानं दचकायचे. काकाजी "काहून साहेब?" म्हणाले की आपल्याला जाब विचारला असं त्यांना वाटे.

आता एवढी लपवाछपवी कशासाठी, हे सांगायला हवं. ज्वारी-तुरीचं कोणाला पडलं नव्हतं. प्रश्न कापसाचा होता. यंदा कापूस किती निघणार, याचा सरकारी अंदाज जाहीर व्हायच्या आधी ज्याच्या कानात पडेल, त्यानं अकोल्याच्या बाजारात काय वाटेल ते करावं. कापूस कमी म्हटला की भाव चढणार. म्हणून अंदाज जाहीर होईपर्यंत आमचे आकडे म्हणजे तिजोरी. ते अकोल्याच्या ऑफिसातल्या आकड्यांशी जुळवायचे आणि मग वर पाठवायचे. काकाजी त्यांच्या दोन नकला करायचे आणि दोन्ही नकला एका गाडीनं कधीच न्यायचे नाहीत. एक घेऊन ते बडनेऱ्याहून रेल्वेनं जायचे, दुसरी घेऊन मी एस.टी.नं. एकाच दिवशी, एकाच गावी. अकोल्याच्या स्टँडबाहेर भेटलो तरी ओळख दाखवायची नाही, असा हुकूम. एकदा तर मी समोरून हात जोडले तेव्हा ते शेजारच्या पानवाल्याला म्हणाले, "कोन हाय हा पोट्टा?"

एका वर्षी अशीच मी माझी नकल डब्यात भाकरीखाली घालून एस.टी.त बसलो. शेजारी एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आले. अकोटकडचे होते. हसतमुख. मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. उलट आपलंच सांगत राहिले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला खाली उतरवून चहा पाजला आणि गरम आलुबोंडा खाऊ घातला. मी डबा मांडीवर घट्ट धरून आलुबोंडा खाल्ला. स्वतःच्या सावधपणाचं मला भारी कौतुक वाटत होतं.

अकोल्याला पोचल्यावर नकल दिली, काम झालं. आणि अंदाज जाहीर व्हायच्या आधीच अकोल्याच्या बाजारात कापूस चढला.

बाजारात उघड बोलणं होतं की आकडा फुटला. वरून साहेबांना कडक शब्दांत विचारणा आली. साहेब घाबरले आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं: सगळ्यात जवळचा माणूस धरला. किल्ल्या कोणाकडे? काकाजींकडे. यंत्र कोणाच्या हाताखाली? काकाजींच्या. आणि काकाजींचे साडू अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम. झालं. साहेबांनी किल्ल्या मागून घेतल्या आणि चौकशी होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, असं सांगितलं. चौकशीत नाव लागलं असतं तर नोकरी जाणार होती, आणि तीही निवृत्ती तोंडावर आलेली असताना.

काकाजींनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कोटाच्या खिशातून तेलाची बाटली आणि पीस काढून माझ्या हातात दिलं. "दांड्याच्या बुडाशी एकच थेंब. दोन टाकशीन तं धूळ धरते." आणि ते व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

ते दिवस मला आठवतात. आत मी यंत्र फिरवायचो, बाहेर ते रिकाम्या हातांनी बसलेले. हुकूम हातांना होता, कानांना नव्हता. त्यामुळं खिडकीतून आवाज यायचा, "एक फेरा जास्त झाला बे! घंटी ऐकू नाई आली का तुले?" साहेबांनी खिडकी लावून घ्यायला सांगितली. मग बंद खिडकीवर टकटक व्हायची. साहेबांनी डोक्याला हात लावला.

पण ते खचलेले नव्हते, गुंतलेले होते. आकडा कोणत्या भोकातून गेला, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. त्यांनी टिपकागद तपासले, कार्बनची राख आठवून पाहिली, खिडकीखालच्या मातीत कोणाचे पाय उमटलेत का ते बघितलं. शेवटी एका रविवारी ते माझ्या खोलीवर आले. खाटेवर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशीचा एस.टी.चा प्रवास सांग. जे जे सांगन्यासारखं नाई ना, तेच सांग."

मी सांगत गेलो. खिडकीची जागा मिळाली नाही. एक बकरी होती. पांढऱ्या टोपीतले गृहस्थ होते. आलुबोंडा तिखट होता.

"काय बोलला तो मानूस?"

"काही नाही. त्यांच्या मुलीचं लग्न निघालंय. रुखवतात गाद्या द्यायच्यात, म्हणून कापसाचं बोलले."

"काय बोलले?"

"म्हणाले, गादीपुरता कापूस आता घेऊन ठेवू का संक्रांतीपर्यंत थांबू? मी म्हटलं, थांबता कशाला, आत्ताच घेऊन टाका."

काकाजींच्या हातातला चहाचा कप अर्ध्यावर थांबला.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. आणि सांगता सांगता माझं मलाच कळलं. आत्ताच घ्या, म्हणजे पुढं महागणार. महागणार, म्हणजे पीक कमी. मी एकही आकडा सांगितला नव्हता आणि सगळा अंदाज सांगून टाकला होता, एका आलुबोंड्यावर.

मला वाटलं, आता कप माझ्या डोक्यात बसणार. पण काकाजींचा चेहरा उजळला होता. यंत्राला तेल घालताना व्हायचा तसा.

"बाप्पा!" ते म्हणाले. "काय मानूस हाय बे तो! एक आकडा इचारला नाई! कुलूप नाई, कार्बन नाई, आरसा नाई... गादी! मले तं त्याचे पाय धरावे वाटून राहिले."

"काकाजी, मी साहेबांना सांगतो. उद्याच."

"सांगशीन तं तुही नोकरी जाईन."

"अन् नाही सांगितलं तर तुमची."

"म्हनून तं समजावून सांगाचं. साहेबाले समजलं तं दोघंबी राहू." मग ते हसले. "समजायले त्याले जरासं दुखलं पायजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांसमोर उभे राहिलो. मी बसपासून गादीपर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही दोघं मिळून माझी थट्टा करताय का? गादीसाठी कापूस घ्या म्हणालात, आणि तेवढ्यावरून बाजार चढला? अहो, अशानं कोणाला काय कळतं?"

"बरोबर हाय साहेब," काकाजी पडलेल्या आवाजात म्हणाले. "अशानं काय समजते. चुकलंच आमचं." ते दारापर्यंत गेले आणि काहीतरी आठवल्यासारखे वळले. "ते आपलं... बाईसाहेब म्हनत होत्या, बंगल्यामागं वांगे लावाचे हायेत. माह्या घरी रोपं तयार झाले. उद्या पाठवून देऊ?"

"वांगी? नको, आता राहू द्या."

काकाजी जागचे हलले नाहीत. "साहेब," त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "बदली कोनत्या गावी झाली?"

साहेबांचा चेहरा उतरला. हात कोटाच्या आतल्या खिशावर गेला. "तुम्हाला कोणी सांगितलं? अहो, कागद तर अजून मी घरीसुद्धा..."

"आत्ता तुमीच सांगतलं. अन् कागद कुठी हाय तेबी तुमीच."

 साहेबांनी खिशावरचा हात काढला. एकदा काकाजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मग पुण्याकडच्या त्या सज्जन माणसाला असं हसू आलं, की त्यांना पाणी मागवावं लागलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी खण उघडला आणि किल्ल्यांचा जुडगा काकाजींपुढं सरकवला.

"चौकशीत काय लिहायचं ते मी बघतो. पण या बदलीचं चार दिवस कोणाला कळता कामा नये. घरातही."

"मी तं काई ऐकलंच नाई साहेब," काकाजी म्हणाले. मग माझ्याकडे बोट. "पन याचं काई सांगता येत नाई."

मला लेखी ताकीद मिळाली. ती बरी, खरी शिक्षा काकाजींनी दिली. त्या दिवसापासून मला नवा नियम लागू झाला. बाहेरच्या कोणी काहीही विचारलं, कापूस, पाऊस, बैल, वांगी, काहीही, तरी एकच उत्तर द्यायचं: "आईले इचारून सांगतो."

"अन् आईलेच इचारलं कोनी?"

"तिले माहीत नाई. हेच तं त्याच्यात चांगलं हाय."

अमरावतीत माझी कीर्ती पसरली. पानवाला विचारायचा, चुना जास्त देऊ? मी म्हणायचो, आईले इचारून सांगतो. गावोगावचे व्यापारी चहा पाजून कंटाळले. पुढं मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? माझ्या तोंडून सवयीनं तेच बाहेर पडलं. मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही, याचं त्या मंडळींना इतकं अप्रूप वाटलं की लग्न ठरलं. बायको अजूनही म्हणते, फसवलंत.

काकाजी निवृत्त झाले आणि अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी यंत्र शून्यावर आणलं, लुगड्याचं पांघरूण घातलं आणि काठ सरळ केला. माझ्याकडे वळून म्हणाले, "उलटा फेरा इसरू नोको." बस्स.

त्यानंतर दरवर्षी नकल घेऊन अकोल्याला गेलो की मी त्यांच्याकडे डोकावायचो. नकल त्यांना दाखवायची नाही, त्यांनी विचारायचं नाही. ते फक्त विचारायचे, "यंत्राचा आवाज कसा हाय?" मी सांगायचो, आणि ते तेवढ्यावरून कोणत्या दात्याला तेल कमी पडतंय ते सांगायचे.

साठचं दशक सरत आलं होतं, सत्तर साल लागायचं होतं, तेव्हाची शेवटची भेट. दारातच त्यांच्या मुलीनं मला थांबवलं. डोळे रडून सुजलेले. "दादा, डॉक्टरनं आमाले सांगतलं. फार दिवस नाई. बाबाले काईच माहीत नाई, आमी कोनी बोललो नाई. तुमी काई बोलू नोका हं. तुमच्या तोंडाचं..." ती थांबली. माझ्या तोंडाची कीर्ती अकोल्यापर्यंत गेली होती.

"नाही बोलत," मी म्हणालो, आणि आत गेलो.

काकाजी खाटेवर होते. कोट खुंटीला. कोटाविना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ते अर्धे झाले होते. डोळे मात्र तेच. आम्ही यंत्राविषयी बोललो. घंटी आताशा उशिरा वाजते, म्हणालो. त्यांनी उपाय सांगितला. आता ऑफिसात विजेवरचं नवं यंत्र येणार अशी बातमी आहे, म्हणालो. त्यावर ते बराच वेळ प्रश्न विचारत राहिले. दांडा नाही मग फेरे कसे मोजायचे? खिडकीखालचा काय ऐकणार? त्यांना उठून बसायचं होतं, मी आधार दिला.

मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि सहज विचारलं.

"नंबर वाढला बे माहा. नवा चष्मा करून घ्यावा म्हनतो. आता घेऊ, का संक्रांतीपर्यंत थांबू?"

मी तोंड उघडलं. 'कशाला आता' ओठांवर होतं. तसंच गिळलं. 'आत्ताच घ्या' आलं, तेही गिळलं. घाईघाईनं म्हटलं असतं तर त्यातूनही त्यांना कळलंच असतं. दारात त्यांची मुलगी चौकट धरून उभी होती. काकाजी चष्म्याविना माझ्याकडे रोखून बघत होते. मूर्तिजापूरच्या त्या पांढऱ्या टोपीसारखे. हसतमुख.

"आईले इचारून सांगतो, काकाजी," मी म्हणालो.

त्यांच्या भुवया वर गेल्या. "तुही आई तं मागच्या साली गेली ना बे?"

"हो. म्हनून तं जरा टाइम लागंन."

ते हसायला लागले. खाट हलायला लागली, खोकला आला, तरी हसत होते. मुलगी घाबरून पाणी घेऊन धावली. त्यांनी पाणी बाजूला केलं, चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाले,

"याच्यासाठी आलुबोंडा आन वं. गरम आन. आज पहिल्यांदा यानं काईच नाई सांगतलं."